थोरलीची चूल

पातेलं कललं तेव्हा वैजू चुलीच्या तोंडाशीच बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, नेहमीसारखी. मी भाकरी थापत होते. भांडं टेकायला चुलीला तीन उंचवटे असतात, त्यांतला डावीकडचा बसल्या जागी ढासळला आणि उकळती आमटी विस्तवावर, राखेत आणि वैजूच्या पायापासून वीतभर अंतरावर सांडली. मी पिठाच्या हातांनीच तिला मागं ओढलं.

"सोड," ती म्हणाली आणि दंडावरचं पीठ झटकू लागली. "मला काय झालं न्हाय."

राखेचा लोट आढ्यापर्यंत गेला. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, देवाचं नाव घेत गोठ्यातून धावत आल्या. त्यांच्या मागून आमचे मालक. मालकांनी लेकीचे हातपाय उलटसुलट करून पाहिले आणि मग चुलीकडं पाहिलं. चुलीचा पुढचा ओठ कधीच झिजून गेला होता. मागच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग होती. तळ असा खचलेला की लाकूड आत सारावं तर ते घरंगळून बाहेर यायचं.

"बास झालं," मालक म्हणाले. "आज आमटी सांडली, उद्या पोरगी भाजंल. ही चूल काढायची आन दुसरी बघायची."

"काढायची म्हंजी कुणी काढायची?" आत्याबाईंनी विचारलं. "जिनं घातली तिनंच मोडायची, आसं हाय आपल्यात. इसारलास काय हणमंता?"

"जिनं घातली ती मसणात गेली की, आये," मालक बोलून गेले आणि मग त्यांनी मान खाली घातली.

वैजू उठून उभी राहिली. दहा वर्षांची पोर, वाळक्या शेंगेसारखी उंच झालेली. ती रडली नाही की ओरडली नाही. म्हैस घरी आली असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "चूल मोडली तर मी मामाकडं जाणार. परत येणार न्हाय."

आणि ती बाहेर गेली. तिनं आदळआपट केली असती तर आम्ही तिला दोन शब्द सुनावून मोकळे झालो असतो. ती एवढं शांतपणे बोलली म्हणून तिचं बोलणं आम्हाला खरं मानावं लागलं.

ती चूल थोरलीनं घातलेली. थोरली म्हणजे माझी सवत, हौसा. मी तिला कधी पाहिलं नाही. मी दुसरेपणाची. लग्नाच्या दिवशी काळ्या दोऱ्यात ओवलेला, तिच्या नावानं मूर्ती उठवलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला, तेवढीच आमची ओळख. पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या डोंगरात आमची वाडी. तिथं दुसरेपणाच्या बाईनं पहिलीला गळ्यात बाळगायचं, तिच्या नावानं पहिल्या भाकरीचा तुकडा विस्तवात टाकायचा आणि मग आपण जेवायचं, ही रीत. मी ती चुकवली नाही. चुकवायची हिंमतच नव्हती.

हौसाला पान लागलं होतं. साप चावला असं आमच्याकडं तोंडानं म्हणत नाहीत. दिवेलागणीला ती सरपण आणायला घरामागच्या परड्यातल्या खोपीत गेली आणि तिथंच पडली. खोपीचा एक कोपरा न्हाणीच्या पाण्यानं बारमाही ओला असतो. तिथल्या लाकडांखाली ते जनावर गारव्याला बसलं होतं. तेव्हापासून घरात नेमच झाला, सरपण उन्हं असेतोवर आत आणून ठेवायचं. दिवे लागल्यावर खोपीकडं कुणी फिरकायचं नाही. त्या कोपऱ्यातलं लाकूड तर दिवसाउजेडीही कुणी उचललं नाही. ते तिथंच कुजत पडलं.

माझी त्या घरातली पहिली संध्याकाळ मला अजून आठवते. मी चुलीपुढं बसले आणि चुलीनं असा धूर ओकला की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. फुंकणीनं फुंकून फुंकून मी अर्धमेली झाले. मग एकाएकी जाळ धरला आणि चूल फुरफुरली. विस्तव फुरफुरतो हे काही नवं नाही, माझी आई म्हणायची, कुणीतरी आठवण काढतंय. पण माझ्या मागून पाच वर्षांच्या पोरीचा आवाज आला,

"आई, काय?"

मला वाटलं मला हाक मारली. मी वळले. वैजू माझ्याकडं बघत नव्हती. ती चुलीकडं बघत होती, आणि उत्तराची वाट बघावी तशी थांबली होती.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आत्याबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रोजचंच हाय तिचं. व्हईल सवं."

पाच वर्षं झाली, सवय काही झाली नाही. रोज दिवेलागणीला पोरगी चुलीपुढं येऊन बसायची. चूल फुरफुरली की म्हणायची, "आई, काय?" आई हा शब्द तिनं चुलीला देऊन टाकला होता. मला ती कशानंच हाक मारायची नाही. 'अगं' नाही, 'अहो' नाही. काही हवं असलं तर येऊन उभी राहायची. दिवसातून एकदाच ती माझ्या हाताला लागायची, सकाळी वेणी घालताना. तेव्हाही माझ्याकडं पाठ करून बसायची. पण ती पाठ माझी होती. तिचे केस दाट होते, थोरलीसारखे, असं सगळे म्हणायचे.

मला स्वतःचं मूल झालं नाही. लोक दबक्या आवाजात म्हणायचे, थोरली घर सोडत नाही, धाकटीची कूस कशी उजवेल? मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण चुलीपुढं बसलं की गळ्यातला टाक तापायचा आणि छातीला चटका बसायचा. चांदी आहे, विस्तवापुढं तापणारच, हे मला कळत होतं. तरी माझा हात दर वेळी दचकून तिथं जायचा.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. चुलीच्या अंगावर थोरलीच्या बोटांच्या रेघा होत्या. ओली माती चोपताना उठलेल्या, चार चार बोटांच्या, खालून वर गेलेल्या. मी रोज सकाळी चुलीला पोतेरं फिरवायची तेव्हा माझी बोटं त्या रेघांत जायची. तिची बोटं माझ्याहून लांब होती. मग मी तांबड्या मातीचा हात जरा जाड फिरवू लागले. वर्षभरात रेघा दिसेनाशा झाल्या. लोकांना वाटायचं, धाकटीला चुलीची काय माया! मी तर तिची बोटं बुजवत होते.

आमटी सांडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "सरपंचाच्यात निर्धूर चूल बसवलीया. बघून या जावा."

आम्ही तिघी गेलो. वैजू येणार नाही असं वाटलं होतं, पण ती आली. सरपंचांच्या घरच्या वहिनी पदर सावरून चूल अशी दाखवत होत्या जणू घरात नवी सूनच आणलीय. सिमेंटचा ओटा, त्याला दोन तोंडं, आणि मागून एक नळ छप्परातून वर गेलेला.

"धूर म्हणून न्हाय बगा," वहिनी म्हणाल्या. "सगळा वरच्या वर. भिताडं सुदीक काळी व्हत न्हाईत. माझ्या डोळ्याचं पानी थांबलं."

मी चुलीपुढं बसले. खरंच, डोळ्यांना काही लागत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ती चूल फार आवडली. धुराचं तर होतंच, पण त्याहून जास्त म्हणजे ती कुणाचीच नव्हती. गवंड्यानं घातलेली, कुणाची बोटं नाहीत की कुणाचं नाव नाही. ही चूल घरात आली तर मी पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या विस्तवावर भाकरी भाजेन, असं वाटून मला हसूच आलं.

वैजू वाकली. तिनं कान चुलीजवळ नेला. बराच वेळ तशीच राहिली.

"ही मुकी हाय," ती म्हणाली आणि चालू लागली.

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. आत्याबाईंनी उगाच पिकापाण्याचं काढलं.

मग बाजाराच्या दिवशी आम्ही पाटणला गेलो. कुंभारआळीची एक म्हातारी चुली मांडून बसायची, काळ्या, तांबड्या, एकाला एक लावून. वैजू एकेका चुलीपुढं उकिडवी बसली आणि आत तोंड घालून ऐकू लागली. म्हातारी हसली.

"काय गं, चूल हाय का शंख?"

"ह्यातली कंची बोलती?" वैजूनं विचारलं.

म्हातारी आणखी हसणार होती. तेवढ्यात तिची नजर माझ्या गळ्याकडं गेली. टाक पाहून तिला जे कळायचं ते कळलं. तिनं हातातली चूल खाली ठेवली.

"लेकी, बोलणारी चूल इकत मिळत न्हाय," ती म्हणाली. "ती घरात घालावी लागती. आपल्या हातानं."

बाजारातच नामदेव भेटला, हौसाचा भाऊ, वैजूचा मामा. माणूस वाईट नव्हता. दर दिवाळीला भाचीला परकर-पोलका आणायचा. वैजू त्याच्या हाताला धरून बाजूला गेली आणि काहीतरी बोलली. तो परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"वैनी, पोर म्हणती मला न्हे. म्या म्हणलं, चूल बदलली म्हणून कुणी घर सोडतं व्हय? पर ती ऐकंना." तो जरा थांबला. "पाव्हण्यांशी बोलतो मी. नवी चूल पेटवाल त्या दिशी येतो. तिचं मन लागलं तर ऱ्हाईल. न्हाय तर घिऊन जातो. तुमालाबी मोकळीक."

मोकळीक! वाटेनं वैजू पुढं चालली होती आणि मी मागून तिची वेणी बघत होते. जिनं पाच वर्षांत मला एकदाही हाक मारली नाही ती गेली तर माझं काय जाणार होतं? सकाळी एक वेणी कमी. संध्याकाळी पाठीमागून येणारा तो आवाज नाही. थोरलीही बहुधा लेकीमागं निघून जाईल. मग घर माझं, चूल माझी. असं मनाशी घोळवत होते आणि तिच्याशी अंतर पडू नये म्हणून पाय उचलत होते. चढणीवर पोरीला ठेच लागली. मी धावले. ती माझी वाट न बघता उठून चालू लागली. मला तिथंच रडू कोसळलं. धुराची सवय असलेल्या बाईचं एक बरं असतं, डोळे लाल दिसले तरी कुणी विचारत नाही.

घरी आल्यावर मी मालकांना म्हटलं, "निर्धूर नगं आन कुंभाराची बी नगं. मी घालते चूल."

"आन जुनी कोण मोडणार?" आत्याबाईंनी तेच पालुपद लावलं.

"मीच मोडते. पाप लागलं तर मला लागू द्या."

सकाळी चूल थंड झाल्यावर मी खुरपं घेऊन बसले. आत्याबाई देवापुढं दिवा लावून दारात उभ्या राहिल्या. वैजू कोपऱ्यात होती, हाताची घडी घालून. मी टाकाला हात लावला, मनात म्हटलं, थोरल्या आक्का, राग धरू नका. आणि भेगेत खुरपं घातलं.

काही झालं नाही. एक मोठा कपचा निघून माझ्या मांडीवर पडला. मी तो उचलला आणि बघतच राहिले. मातीचे थर होते, एकावर एक, घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तसे. तांबडा, मग करडा, मग तांबडा. ते सगळे माझ्या पोतेऱ्याचे. आतमध्ये, जिथं थोरलीची माती असायला हवी होती, तिथं नुसती भगभगीत भुकटी होती. हाताला लागताच झरझर गळाली.

आत्याबाई खाली बसल्या. त्यांनी दुसरा कपचा काढून बघितला, मग तिसरा.

"आगं बने," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वेगळाच लागला. "थोरलीची चूल तर कवाच जळून गेलीया. ही तुझीच हाय की. तुझ्या पोतेऱ्यावर उभी हुती."

मग जिनं घातली तिनंच मोडली म्हणायचं. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी त्या भुकटीकडं बघत होते आणि मला कळेना, मग पाच वर्षं मी कुणाला भीत होते.

मागच्या भिंतीचा एकच तुकडा अखंड निघाला. भाजून विटेसारखा लालभडक झालेला, आणि त्यावर चार बोटांच्या रेघा, खालून वर गेलेल्या. वैजू पुढं आली. तिनं तो तुकडा माझ्या हातातून घेतला आणि परकरात गुंडाळून माळ्यावर निघून गेली.

मी वारुळाची माती आणली, भाताचं तूस आणि शेण घालून पायानं तुडवली, रात्रभर मुरत ठेवली. पहिल्या दिवशी तळ आणि कडा उभ्या केल्या. दुसऱ्या दिवशी मागची भिंत चढवत होते, तेव्हा माझ्या बाजूला सावली पडली. वैजू तुकडा घेऊन उभी होती.

"ही मागं बसवायची," ती म्हणाली.

मी सरकले. तिनं स्वतःच्या हातानं तो ओल्या मातीत दाबला, रेघा आतल्या बाजूला, जाळाकडं करून. मी भोवतीनं माती चोपली. दोघींचे हात एकाच मातीत होते.

चूल सावलीत वाळली. बारीक चिरा मी रोज ओल्या बोटानं बुजवल्या. मग एका संध्याकाळी हळदकुंकू वाहून पेटवायची ठरली. नामदेव दुपारीच आला होता. बाहेरच्या सोप्यात मालकांशेजारी बसला होता, आणि त्याच्याजवळ वैजूचं बोचकं बांधून ठेवलेलं होतं. तिनंच बांधलं होतं.

मी खडखडीत वाळलेली लाकडं रचली. नव्या चुलीवर पहिलं दूध उतू घालवतात, म्हणून दुधाचं भांडं चढवलं. जाळ सुंदर धरला. धूर नाही की काही नाही. दूध वर आलं, उतू गेलं, विस्तवावर चर्र झालं. आत्याबाई म्हणाल्या, "झालं बाई, साजरी झाली चूल."

वैजू तिच्या जागी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. वाट बघत होती.

चूल गप्प होती. जाळ नुसता उभा जळत होता, आवाज न करता. मी भात टाकला. लाकूड मागंपुढं केलं. काही नाही. वैजूच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ मला दिसत होती. तिचे ओठ जरासे उघडे होते, 'आई, काय' म्हणायला तयार असल्यासारखे. मग हळूहळू ते मिटले. बाहेर नामदेव खाकरला. उजेड असता असता त्याला निघायला हवं होतं, आणि उजेड तर सरलाच होता.

तेव्हा मला सुचलं. ओलसर लाकूड पेटलं की त्याच्या टोकाला फेस येतो आणि ते फुरफुरतं. चुलीपुढं बसणाऱ्या कुणाही बाईला हे ठाऊक असतं. मलाही पाच वर्षं ठाऊक होतं, फक्त त्या घरात ते खरं वाटत नव्हतं. पण घरात होतं ते सगळं सरपण कोरडं. ओलं लाकूड एकाच जागी होतं.

मी उठले. "आलेच मी," म्हटलं. "तेवढं चुलीकडं बघ, वैजू."

तिनं माझं लुगडं धरलं.

आजवर तिनं आपणहून मला बोट लावलं नव्हतं. आता दोन्ही मुठींत माझा पदर आवळून ती माझ्याकडं बघत होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नगं जाऊस," ती म्हणाली. "आईबी आसंच म्हनली हुती. आलेच म्हनली. चुलीकडं बघ म्हनली. म्या बघत बसले. चूल बोलत हुती आन म्या बघत बसले."

आत्याबाईंनी तोंडावर पदर घेतला. पाच वर्षं पोरगी चुलीपुढं का बसत होती ते त्या घटकेला आम्हाला कळलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की आता उठलीस तरी चालेल.

मला थांबता आलं असतं. पण मी तिच्या मुठी सोडवल्या. का सोडवल्या, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. "मी येती," मी म्हटलं. "तू दाराकडं बघ."

परड्यात अंधार उतरला होता. खोपीच्या तोंडाशी मी थांबले. न्हाणीच्या पाण्याचा कुबट वास आला. गळ्यातला टाक बर्फासारखा गार पडला होता. मी तो मुठीत धरला आणि मोठ्यानं म्हणाले, "आक्का, तुमच्या पोरीसाठी आलेय मी. वाट द्या." आत काहीतरी सरसरलं. पाला असेल, उंदीर असेल. मी त्या कोपऱ्यात हात घातला, हाताला लागली ती काठी ओढली आणि मागं न बघता घरात आले.

वैजू दाराकडं बघत होती. चुलीकडं तिची पाठ होती.

मी ओली काठी आत सारली. थोडा वेळ गेला. टोकाला फेस आला आणि चूल फुरफुरली, अगदी जुनीसारखी. मी वाट बघत राहिले. 'आई, काय' काही आलं नाही. ती माझ्या शेजारी येऊन बसली, एवढी जवळ की तिचा गुडघा माझ्या मांडीला लागला. मग उठून सोप्यात गेली आणि बोचकं आत घेऊन आली.

"मामा, तुमी जावा," तिचा आवाज ऐकू आला. "आंधार झालाय. संभाळून जावा."

ती त्या घरातून गेली ती लग्न होऊनच. मधली सगळी वर्षं मी रोज दिवेलागणीला खोपीत जायची आणि एक ओलसर काठी आणून चुलीत घालायची. डोळे चुरचुरायचे, धूर व्हायचा. मालक म्हणायचे, सुकी लाकडं ढिगानं असताना ही काय बाई करते! मी कुणाला कारण सांगितलं नाही. पोरीच्या कानांवर तिच्या आईचा आवाज पडत राहावा, एवढंच माझ्या मनात होतं. वैजू 'आई, काय' म्हणायची थांबली होती, पण मी परड्यातून आले की ती दारातच असायची.

कऱ्हाडकडं दिली तिला. पाठवणीच्या वेळी ती देवाच्या पाया पडली, आजीच्या पडली, मग एकटीच आत आली. चुलीला हळदकुंकू वाहिलं. माझ्या पाया पडायला वाकली आणि वाकल्या वाकल्या म्हणाली, "आता ती वली काठी घालत जाऊ नगंस. डोळं चाललं तुझं."

"तुला ठावं हुतं?"

"पयल्या दिसापासनं. फेस दिसतो की काठीला. मी काय आंधळी हाय व्हय?"

"मग ऱ्हायलीस कशी? चूल बोलली न्हाई हे ठावं आसून?"

ती सरळ उभी राहिली. शालूत ती मला परकी आणि मोठी वाटत होती. "तू खोपीत गेलीस," ती म्हणाली, "आन परत आलीस. म्हनून ऱ्हायले."

बाहेरून कुणीतरी घाई करत होतं. तिनं माझे दोन्ही हात धरले.

"येते, आई," ती म्हणाली.

मी सवयीनं चुलीकडं पाहिलं. पण तिचं तोंड चुलीकडं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी खोपीत गेले नाही. मांडवाच्या खांबांची वाळकी मेढकं तोडून घरात आणली होती, उन्हात खडंग तापलेली, त्यांनीच चूल पेटवली. घर रिकामं होतं. आत्याबाई थकून पडल्या होत्या, मालक मांडव उतरवत होते. मी भाताचं आधण ठेवलं आणि तिच्या जागेकडं न बघता बसून राहिले.

आणि चूल फुरफुरली. मागच्या अंगानं, जिथं तो बोटांचा तुकडा बसवला होता तिथून. लाकडांना फेस नव्हता, ओल नव्हती. मी एकेक लाकूड ओढून बघितलं. परत आत सारलं. चूल पुन्हा फुरफुरली. टाकाला हात गेला माझा, पण या वेळी मी दचकले नाही.

"काय, आक्का?" मी म्हटलं.

जाळ उभा राहिला, ऐकत असल्यासारखा.

"पोचली आसंल आता," मी तिला सांगितलं. "जाताना रडली न्हाय. वेणी मी घातली हुती."